पाठवलं आणि पोचलं

कॉम्प्युटरवर आपण ज्या गोष्टींकडे नुसतं बघत बसतो, त्यांत डावीकडून उजवीकडे भरत जाणाऱ्या त्या पट्टीचा नंबर बराच वर लागावा. काम आपण करत नसतो, मशीनच करत असतं, पण जागचं उठवत नाही. ३७ चे ३८ होईपर्यंत हातातला चहा गार होतो. ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकाने १९८५ साली ह्या पट्टीवर चक्क एक शोधनिबंध लिहिला होता. 'किती टक्के झालं' हे समोर दिसत असलं की लोकांना बरं वाटतं, असा त्याचा एकूण सूर. आज वाचून 'ह्यात काय मोठंसं' असं वाटेल, पण त्या काळी बरेच प्रोग्राम काम चालू असताना अगदी मख्ख बसून राहायचे. जिवंत आहे की मेलाय हेच कळायचं नाही.

माझी शंका त्याच्या एक पायरी पुढची आहे. किती टक्के हे ठीक. पण कशाचे टक्के?

आजचा लेख जरासा तांत्रिक होणार आहे. प्रोग्रामिंगशी संबंध नसलेल्या वाचकांनी लगेच खिडकी बंद करू नये, कोडची एकही ओळ येणार नाही. आणि मोबाइलमधले फोटो 'वर चढवून' मग मोबाइलमधून उडवणाऱ्या प्रत्येकाशी ह्या गोष्टीचा संबंध आहे.

माझा एक आतेभाऊ कुडाळजवळ राहतो. पोटासाठी लग्नाचे व्हिडिओ करतो आणि हौसेसाठी दशावतार शूट करतो. कार्तिक लागला की तिकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्री देवळाजवळ दशावताराचं नाटक हे आलंच. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की ह्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक पुराणातलं, सगळ्यांना माहीत असलेलं, पण संवाद नट मंडळी उभ्या उभ्या रचतात. समोरच्याने टाकलेल्या वाक्याला तिथल्या तिथे उत्तर. त्यामुळे काल रात्री जे झालं ते काल रात्रीच झालं. तेच नट, तेच आख्यान घेऊन उद्या पुढच्या गावात उभे राहतील, पण नाटक वेगळं होईल. आमचा हा पठ्ठ्या गेली काही वर्षं हे सगळं टिपून ठेवतोय. कोणी सांगितलेलं नाही, कोणी पैसे देत नाही.

आता थोडं गणित. त्याचा कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट ह्या दराने लिहितो, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. चार तासांचं नाटक धरलं तर एका रात्रीची फाइल ९० जीबी. कार्डं आहेत १२८ जीबीची, दोन. म्हणजे एका कार्डावर एक रात्र, आणि तिसऱ्या रात्री त्यातलं एक कार्ड रिकामं पाहिजेच. लॅपटॉपची डिस्क लग्नांनी भरलेली. एक्स्टर्नल डिस्क घे असं मी सांगून झालंय. आहे त्याच्याकडे एक, ती मागच्या वर्षीच्या जत्रांनीच तुडुंब भरलीय.

म्हणून मी त्याला ॲमेझॉनच्या एस३ वर थोडी जागा करून दिली. (बिल माझ्या खात्यावर येतं, हे आत्याला माहीत नाही आणि कळायची गरजही नाही.) फाइल वर चढवायला त्याने नेटवरून एक फुकट प्रोग्राम उतरवून घेतला. नाव सांगत नाही, कारण असे प्रोग्राम पैशाला पासरी आहेत आणि त्यातले बरेचसे असेच वागतात.

तर ह्या हंगामातल्या एका रविवारी सकाळी त्याचा फोन.

"दादा, शंभर टक्के झाला. कार्ड पुसू काय?"

संध्याकाळी दुसऱ्या गावची जत्रा होती. चार वाजता निघायचं, त्याआधी झोप काढायची. दोन्ही कार्डं भरलेली. आदल्या रात्री एक जुने नट बऱ्याच वर्षांनी तोंडाला रंग लावून उभे राहिले होते, वय ऐंशीच्या घरात, आणि ते सगळं त्या कार्डावर होतं. हे त्याने मला फोनवरच सांगितलं, पण कार्ड पुसण्याशी त्याचा संबंध त्याच्या डोक्यात नव्हता. का असेल? शंभर टक्के झालं होतं ना!

मी फोन कानाला लावूनच बकेट उघडली. एस३ मध्ये फायली जिथे ठेवतात त्या जागेला बकेट म्हणतात. आदल्या दोन जत्रांच्या फायली दिसत होत्या. कालची नव्हती.

"थांब," म्हटलं. "हात लावू नको."

इथे जरा थांबून आत काय चालतं ते सांगतो.

एस३ सुरू झाली मार्च २००६ मध्ये. सुरुवातीला एक फाइल जास्तीत जास्त ५ जीबीची ठेवता यायची आणि ती एका दमात पाठवावी लागायची. एका दमात म्हणजे अक्षरशः एका दमात. ९८ टक्क्यांवर लाईन गेली की पुन्हा शून्यापासून. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी मल्टिपार्ट अपलोड आणलं आणि पुढच्याच महिन्यात एका फाइलची मर्यादा ५ टेराबाइटवर नेली. मात्र एका दमात पाठवायची मर्यादा ५ जीबीच राहिली. त्याहून मोठं काही असेल तर तुकडे करा.

हे तुकड्यांचं प्रकरण मला आपल्या रजिस्टर ए.डी.सारखं वाटतं. (टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन करून टाकलं, पण ए.डी.चं कार्ड विसरलेला मराठी माणूस अजून जन्मायचाय.) समजा तुम्हाला एक जाडजूड हस्तलिखित मुंबईच्या प्रकाशकाकडे पाठवायचंय आणि पोस्ट एवढं मोठं पार्सल घेत नाही. तुम्ही आधी प्रकाशकाला पत्र टाकता की बाबा, एक पुस्तक पाठवतोय. तो तुम्हाला एक नोंदणी क्रमांक देतो. मग तुम्ही हस्तलिखिताचे गठ्ठे करता, प्रत्येकावर तो क्रमांक आणि गठ्ठ्याचा नंबर घालता आणि रजिस्टरने पाठवता. एकाच वेळी चार गठ्ठे टाकले तरी चालतात, सातवा तिसऱ्याच्या आधी पोचला तरी बिघडत नाही. प्रत्येक गठ्ठा मिळाला की प्रकाशकाची सही असलेलं पोचकार्ड परत येतं. एखादं कार्ड आलं नाही तर तेवढाच गठ्ठा पुन्हा पाठवायचा. आणि सगळी कार्डं हातात आली की शेवटचं पत्र: 'ही गठ्ठ्यांची यादी, ह्या त्यांच्या पोचपावत्या, आता बांधणी करा.'

ह्या शेवटच्या पत्रात सगळी मेख आहे. ते येईपर्यंत प्रकाशक गठ्ठे कोपऱ्यात रचून ठेवतो आणि कोणी विचारलं तर सांगतो, असं पुस्तक आमच्याकडे नाही. एक गठ्ठा कमी असला काय आणि सगळे असून शेवटचं पत्र राहिलं काय, पुस्तक नाही ते नाहीच.

एस३ मध्ये त्या पोचपावतीला ईटॅग म्हणतात. तुकडा किमान ५ एमबीचा असावा लागतो (शेवटच्याला सूट) आणि एका फाइलचे जास्तीत जास्त १०,००० तुकडे करता येतात. ही दुसरी अट लोक विसरतात. पायथनच्या बोटो३ लायब्ररीत तुकडा आपण काही सांगितलं नाही तर ८ एमबीचा असतो. आठ गुणिले दहा हजार, म्हणजे ८० जीबीच्या आसपास. आमची फाइल ९० ची! ती लायब्ररी हे ओळखून तुकडा आपोआप मोठा करते, पण हाताने कोड लिहिणाऱ्याने गणित आधी केलेलं बरं. ६४ एमबीचे तुकडे केले की ९० जीबीचे होतात १३४२, आणि त्यातला शेवटचा जेमतेम ७ एमबीचा.

बकेटमध्ये फाइल दिसत नसली तरी कोपऱ्यात रचलेले गठ्ठे विचारता येतात. अर्धवट अपलोडांची यादी मागायची एक हाक आहे आणि एकेका अपलोडचे तुकडे मोजायची दुसरी. त्या प्रोग्रामनेही तुकडे ६४ एमबीचेच केले होते, यादीत प्रत्येक तुकड्याचा आकार येतो त्यावरून कळलं. (तुकड्यांची यादी एका वेळी फक्त १००० मिळते. 'पुढचं पान आहे' असा निरोप सोबत येतो तो वाचायचा असतो, नाहीतर १३४२ पैकी हजारच पोचले असं समजून माणूस रविवारी सकाळी हाय खाईल.)

पोचलेले तुकडे: १३३८. कमी चार. शेवटचे चार, १३३९ ते १३४२.

पहाटे सहाच्या सुमाराला त्यांच्याकडे लाईट गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, राउटर इन्व्हर्टरवर होता, पण पुढे लाईन कुठेतरी तुटली. तासाभराने सगळं परत आलं. प्रोग्राम मात्र कुठेतरी अडकून बसला होता, आणि पट्टी १०० वर. खाली बारीक अक्षरात 'पूर्ण करत आहे' अशा अर्थाचं काहीतरी.

चार तुकडे आलेच नाहीत तर १०० कुठून आले? आतेभावाला स्क्रीन दाखवायला लावली, दुसऱ्या रात्रीची फाइल चढवायला लावली आणि आकडा कसा वाढतो ते बघत बसलो. पट्टी एकदम उडी मारायची, मग थांबायची, पुन्हा उडी. आणि नेटवर्कचा काटा त्याच्या मागून सावकाश चाललेला. म्हणजे तो प्रोग्राम तुकडा डिस्कवरून मेमरीत वाचला की लगेच 'झाला' म्हणून मोजत होता. गठ्ठा बांधून पिशवीत टाकला की मोजला. पोस्टात जायचंय, रांगेत उभं राहायचंय, हे सगळं पुढे.

इतकं ढोबळ सगळेच करत नाहीत. बोटो३ चंच उदाहरण घ्या. फाइल चढवताना तुम्ही तिला तुमचं एक फंक्शन देऊ शकता. पाठवण्यासाठी जसजसे बाइट्स उचलले जातात तसतसं ती त्या फंक्शनला कळवत राहते की 'आणखी एवढे'. आपण बेरीज करत जायचं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायच्या. पहिली, चार-पाच धागे एकाच वेळी कळवत असतात, तेव्हा बेरजेला कुलूप पाहिजे. दुसरी गंमतीची. मध्येच एखादा तुकडा फसला आणि पुन्हा पाठवायची वेळ आली, की लायब्ररी त्या तुकड्याचे आधी कळवलेले बाइट्स उणे करून सांगते. म्हणजे फंक्शनला चक्क ऋण आकडा येतो आणि टक्का मागे सरकतो. हे पहिल्यांदा पाहणारे बरेच लोक ते बग समजतात आणि 'टक्का कधी कमी होऊ द्यायचा नाही' अशी अट घालून मोकळे होतात. मला विचाराल तर मागे सरकणारी पट्टी ही फार सज्जन पट्टी. चुकलं ते कबूल करते बिचारी.

पण तीसुद्धा उचललेलेच बाइट्स मोजते. आपला प्रोग्राम बाइट्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतो. सिस्टिम म्हणते 'घेतले', आणि आपल्या बफरमध्ये ठेवते. तिथून कार्ड, राउटर, खांबावरची डबी, समुद्राखालच्या नाहीतर जमिनीखालच्या केबली, आणि मग ते डेटासेंटर. 'घेतले' म्हणजे 'पोचले' नव्हे. वाटेवरच्या कुठल्याही मोजमापाने पोचल्याची खात्री मिळत नाही. पलीकडून सही आली तरच पोचलं. टपालात जे होतं तेच इथे आहे.

त्या रविवारच्या चार तुकड्यांची किंमत किती, तेही काढून पाहिलं. साधारण २०८ एमबी. कॅमेऱ्याच्या दराने ३३ सेकंदांचं चित्रण. चार तासांतली तेहतीस सेकंदं, तीही शेवटची, म्हणजे आवराआवरीच असणार. जाऊ दे म्हणावं? तर तसं नाही. एक तर शेवटचं पत्र गेलेलं नसल्यामुळे अख्खी फाइलच नव्हती. आणि दुसरं, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या एमपी४ फायलींत कुठलं चित्र कुठे आहे ह्याची अनुक्रमणिका फाइलच्या शेपटाला असते, कारण चित्रण संपल्याशिवाय कॅमेऱ्याला ती लिहिताच येत नाही. शेपूट नाही तर फाइल उघडतच नाही. पुढचे ८९ जीबी नुसते असून उपयोग नाही.

आता सोडवायचं कसं. पुन्हा पहिल्यापासून चढवायला वेळ नव्हता. त्यांची लाईन चढत्या दिशेने ४० मेगाबिट देते, म्हणजे सेकंदाला ५ एमबी, म्हणजे ९० जीबीला पाच तास. पण १३३८ गठ्ठे तर तिकडे पोचलेलेच होते! नोंदणी क्रमांक माहीत होता. उरलेले चार मीच पाठवले तर? प्रकाशकाला गठ्ठा कोणत्या पोस्टमनने आणला ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

भीती एकच होती. काही प्रोग्राम बंद करताना फार सभ्यपणे वागतात, जाता जाता 'अपलोड रद्द' असं कळवून जातात. मग तिकडचे सगळे गठ्ठे केरात. म्हणून आतेभावाला आधी वायफाय बंद करायला सांगितलं, मग टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारायला लावला, आणि मग वायफाय चालू. हे करताना तो म्हणाला, "दादा, तू आमच्या वायरमनासारखो बोलतस." असो.

नंतरचं सरळ होतं. आमच्या बकेटमध्ये साधंच एन्क्रिप्शन आहे, त्यामुळे तुकड्याचा ईटॅग म्हणजे त्या तुकड्याचा एमडी५. म्हणजे गठ्ठ्यातला कागद न् कागद बघून काढलेली खूण, एक अक्षर बदललं तरी वेगळी येणारी. (वेगळ्या किल्लीचं केएमएस एन्क्रिप्शन असेल तर हे जुळत नाही, ध्यानात ठेवा.) छोटी स्क्रिप्ट लिहून पाठवली, तिने कार्डावरची फाइल ६४-६४ एमबीने वाचून तिकडच्या १३३८ ईटॅगांशी एकेक ताडून पाहिली. कार्ड वाचायलाच पंधरा-वीस मिनिटं लागली. सगळे जुळले. मग उरलेले चार पाठवले, पाऊण मिनिटात गेले. आणि शेवटचं पत्र.

ॲमेझॉनच्या माहितीपत्रात एक सूचना आहे, की शेवटच्या पत्रातली यादी तिकडून मागवलेल्या यादीवरून बनवू नका, ती फक्त पडताळ्यासाठी. पावत्या मिळतील तशा तुमच्याकडे लिहून ठेवा आणि तीच यादी पाठवा. सूचना शहाणपणाची आहे. आमच्याकडे वही नव्हती, म्हणून प्रत्येक तुकडा कार्डाशी ताडून वही मागाहून तयार केली, इतकंच.

पुढच्या शनिवारी मी बसून त्याच्यासाठी नीट स्क्रिप्ट लिहिली. कामाचा मोठा भाग म्हणजे ती वहीच आहे. लॅपटॉपवर एक छोटी फाइल: अपलोडचा नोंदणी क्रमांक, मूळ फाइलचा आकार आणि शेवटची बदललेली वेळ, तुकड्याचा आकार, आणि खाली एकेका तुकड्याची पावती. पावती हातात आली की मगच ओळ लिहायची, आधी नाही. लाईट जाऊ दे, लॅपटॉप बंद पडू दे, पुन्हा चालू केल्यावर स्क्रिप्ट वही उघडते, तिकडची यादी मागवते, दोन्ही जुळवते आणि राहिलेल्या तुकड्यांपासून पुढे जाते. एका वेळी चार तुकडे वाटेवर असतात, तेव्हा वाईटात वाईट म्हणजे चार तुकड्यांची मेहनत वाया जाते. एका मिनिटाची. आणि मूळ फाइलचा आकार किंवा वेळ बदललेली दिसली तर स्क्रिप्ट पुढे जायलाच नकार देते, कारण अर्धे गठ्ठे एका पुस्तकाचे आणि अर्धे दुसऱ्याचे बांधून काय उपयोग.

पडद्यावर मी टक्के दाखवलेच नाहीत. 'पोचले: १३४२ पैकी ८१७' एवढंच.

दोन दिवसांनी फोन आला. "अडाकला काय रे ता?"

अडकलं नव्हतं. चार तुकडे एकदम सुटले की चारांत लाईन वाटली जाते आणि प्रत्येकाला पन्नास-पंचावन्न सेकंद लागतात. बरोबर सुटतात म्हणून बहुतेक बरोबरच पोचतात. त्यामुळे आकडा मिनिटभर ढिम्म हलत नाही आणि मग एकदम चारने वाढतो. मिनिटभर न हलणारा आकडा रात्रभर जागलेल्या माणसाला कसा दिसत असेल, हे त्याने त्याच्या भाषेत मला समजावून सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही :-)

त्याचं म्हणणं खरं आहे. उचललेल्या बाइट्सचा आकडा खोटा नसतो, त्याचं काम वेगळं असतं. तो 'मी जिवंत आहे' एवढंच सांगतो, आणि त्याची गरज असते. मायर्ससाहेब १९८५ साली त्याच गरजेबद्दल बोलत होते. घोटाळा होतो तो दोन्ही कामं एकाच आकड्याच्या गळ्यात बांधल्यावर. म्हणून आता दोन ओळी आहेत. वर ठळक 'पोचले', खाली फिकट अक्षरात 'चालू आहे' आणि दर सेकंदाला हलणारे बाइट्स. तुकडा फसला की खालचा आकडा मागे सरकतो, मी सरकू देतो. राहिलेला वेळ मात्र पोचलेल्या तुकड्यांवरूनच काढतो, गेल्या दहा मिनिटांत किती पोचले त्या हिशोबाने. तो थोडा उशीराचाच निघतो, आणि चार वाजता निघायचं असलेल्या माणसाला उशीराचाच अंदाज बरा.

१३४२ पैकी १३४२ झाल्यावरही स्क्रिप्ट काही बोलत नाही. कारण शेवटचं पत्र अजून जायचं असतं, आणि त्याचं उत्तर येताना एक वळण आहे. एवढे तुकडे जुळवायला तिकडे काही मिनिटं लागू शकतात. तोवर आपण फोन ठेवून देऊ नये म्हणून एस३ आधीच २०० म्हणजे 'ठीक आहे' असा कोड पाठवून देते, मग मधूनमधून कोरी जागा पाठवत राहते, आणि खरा निकाल त्या पाठोपाठ येतो. निकाल नापासाचाही असू शकतो! नुसता २०० बघून उड्या मारणाऱ्याने अर्धंच उत्तर वाचलेलं असतं. तयार लायब्रऱ्या हे सांभाळून घेतात, पण कोणी स्वतः हाताने लिहीत असेल तर उत्तर शेवटपर्यंत वाचा.

त्यानंतर स्क्रिप्ट तिकडच्या फाइलची माहिती मागवते. आकार बाइटला बाइट जुळला पाहिजे. अख्ख्या फाइलचा ईटॅग म्हणजे सगळ्या तुकड्यांच्या एमडी५ ची माळ करून त्या माळेचा पुन्हा एमडी५, आणि पुढे आडवी रेघ देऊन तुकड्यांची संख्या. तो आमच्या वहीवरून आधीच काढून ठेवलेला असतो, तोही जुळला पाहिजे. (२०२२ पासून एस३ मध्ये ह्याहून चांगल्या तपासण्या मिळू लागल्या, आणि डिसेंबर २०२४ पासून तर नव्या लायब्रऱ्या चेकसम आपणहून काढून सोबत पाठवतात. नवं काही लिहिणाऱ्याने तेच वापरावं. मी एमडी५ ठेवला तो जुन्या फायलीही त्याच पद्धतीने तपासता येतात म्हणून.) हे सगळं झालं की मग पडद्यावर हिरव्या अक्षरात एक ओळ येते: 'कार्ड पुसायला हरकत नाही.' त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही ओळ. बाकी आकडे माझ्यासाठी.

त्या सकाळी अर्धवट अपलोडांची यादी मागवली तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली होती. आमच्या फाइलच्या वर यादीत आणखी सात अपलोड होते, मागच्या जत्रांच्या वेळी मध्येच सोडून दिलेले. बकेट उघडली तर एकही दिसत नाही. पण गठ्ठे कोपऱ्यात आहेत, आणि त्या कोपऱ्याचं भाडं दर महिन्याला लागतंय. एस३ च्या दृष्टीने ते रास्तच आहे, जागा तर अडलेलीच असते. शिवाय तुम्ही उद्या येऊन पुढचे तुकडे पाठवाल म्हणून ती ते टाकूनही देत नाही, आपण 'रद्द' म्हणेपर्यंत सांभाळते. आमची फाइल वाचली ती ह्याच स्वभावामुळे, आणि माझं बिल वाढलं होतं तेही ह्याच स्वभावामुळे. सात जणांना रजा दिली. त्यातलं काही कार्डावर उरलं असण्याचा प्रश्नच नव्हता, आतेभावाने ती नाटकं दुसऱ्यांदा चढवलेली होती ह्याची खात्री मात्र आधी करून घेतली.

२०१६ पासून ह्याची सोय बकेटवरच नियम लावून करता येते: सुरू होऊन इतके दिवस झाले आणि पूर्ण झालं नाही, तर अपलोड आपोआप रद्द. बहुतेक जण सात दिवस घालतात. मी पंधरा घातलेत. एक तर हे दिवस अपलोड सुरू झाल्यापासून मोजले जातात, शेवटचा तुकडा पोचल्यापासून नव्हे. आणि हंगाम ऐन भरात असला की हा गडी आठ-आठ दिवस घरी टेकत नाही, अर्धी चढलेली फाइल लॅपटॉपवर तशीच राहते. सोळाव्या दिवशी उगवलाच, तर तिकडून 'असं अपलोड नाही' असा निरोप येतो. मग स्क्रिप्ट वहीतलं ते पान बाजूला करते आणि पहिल्या तुकड्यापासून सुरू करते. तोपर्यंत हिरवी ओळ आलेली नसते, म्हणजे कार्ड भरलेलंच असतं.